योहानान बेन झक्काई पळपुटे होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. योहानान बेन झक्काई हे पहिल्या शतकातले ज्यू धर्मगुरू (रब्बी). रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडात ते जेरुसलेममधून निसटून रोमन सेनापती वेस्पासियनला भेटले आणि पुढे यावने या गावी गेले, अशी कथा आहे. त्यावर 'वेढ्यातलं जेरुसलेम सोडून शवपेटीतून निसटलेला आणि वेस्पासियनपुढे हात पसरणारा माणूस थोर कसा?' आणि 'यावनेत जाऊन नियम करण्यापलीकडे त्यांनी केलं काय?' असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिला आक्षेप खुद्द ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथातच आहे. त्यातल्या गित्तीन प्रकरणात ही कथा संपता संपता रब्बी योसेफ (काहींच्या मते रब्बी अकिवा) म्हणतात की, शहरच सोडून द्या असं मागायला हवं होतं. पण एखा रब्बा या दुसऱ्या ज्यू ग्रंथातल्या कथेत योहानाननी आधी तेच मागितलंय! वेस्पासियनने साफ नकार दिल्यावर, लोद गावाकडचा पश्चिम दरवाजा चौथ्या तासापर्यंत उघडा ठेवा, एवढं तरी करा, असं त्यांनी विनवलं. गित्तीनमधली यावने, रब्बान गमलियेल या धर्मगुरूचं घराणं आणि आजारी रब्बी सादोकसाठी वैद्य ही मागणी तेवढी प्रसिद्ध झाली.

शिवाय कालक्रम पाहा. वेस्पासियन इ. स. ६९ च्या जुलैमध्ये सम्राट घोषित झाला. ७० साली जेरुसलेमला वेढा घातला तो त्याच्या मुलाने, तितसने. म्हणजे वेस्पासियनची भेट खरी असेल, तर ती या वेढ्याआधीची. तेव्हा शहर आपसांत लढणाऱ्या गटांच्या ताब्यात होतं आणि बाहेर पडायला अडवत होते तेच. शरण आलेल्या ज्यूंना वेस्पासियन यावनेत वसवत होता, हे त्या काळचा ज्यू इतिहासकार योसेफसने लिहिलंय.

आता नियमांचं. ७० साली जेरुसलेमचं मंदिर जळाल्यावर रोजची अडचण काय, हे त्यांनी ओळखलं. रोश हशाना (ज्यू नववर्ष) शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आला तर शोफार (शिंगाचा कर्णा) फक्त मंदिरात वाजे. आता मंदिरच नाही, मग वाजवायचा कुठे? जिथे न्यायसभा आहे तिथे, असं त्यांनी ठरवलं. बेने बतेरा या घराण्यातले पंडित म्हणाले, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी वाजवू. वाजवून झाल्यावर चर्चा निघाली, तेव्हा योहानाननी उत्तर दिलं: यावनेत शोफार ऐकला गेलाय, आता मागे फिरता येणार नाही. सुक्कोथ सणात हाती घ्यायची खजुराची फांदी, म्हणजे लुलाव, तीही मंदिराबाहेर एकच दिवस घेत. योहानाननी तो मंदिराच्या स्मरणार्थ सगळीकडे सात दिवस केला. उपासनेचं केंद्र गेलेलं असताना लोकांच्या हाती सण टिकवायला याहून उपयोगी काय देता आलं असतं?

मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातल्या रोश हशाना प्रकरणाचा चौथा अध्याय जरूर वाचा. त्यावर तुमचा आक्षेप असेल, तर त्या नियमांवरच बोलू.