खुलासा : आपल्या एका ग्रुपवर पाच हजार सदस्य नाहीत

‘बेळगाव-खानापूर-निपाणीच्या अद्भुतकथाप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच हजार सदस्य झाले’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर जास्तीत जास्त १०२४ जण मावतात, आणि २०२२ च्या सुरुवातीला ही मर्यादा २५६ च होती. आपल्या ग्रुपचा खरा आकडा ग्रुपच्या माहितीत कुणालाही दिसतो, उघडून पाहा.

बहुधा कुणीतरी गावोगावच्या ग्रुपांची बेरीज केली असावी. पण निपाणीच्या ग्रुपवरचे बरेच जण बेळगावच्याही ग्रुपवर आहेत. चंदगडहून इथं कॉलेजला येणारी काही मुलं दोन सिम वापरतात, एक कर्नाटकातलं, एक महाराष्ट्रातलं, आणि दोन्ही नंबर ग्रुपवर असतात. सीमाभागात हे नेहमीचंच. म्हणजे माणूस एक, नोंदी तीन-चार. बंद पडलेले नंबरही काही काळ यादीत तसेच राहतात.

सीमाभागात मराठीतून या कथांवर रात्र-रात्र बोलणारी माणसं आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच हा खोटा आकडा खुपतो. त्यावरून मेळाव्याचा हॉल आणि जेवणाची पानं ठरवायचं बोलणं सुरू झालंय, वर्गणी वाया जाईल.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.