खाजत नाही ना? मग सोडून द्या, म्हणे!

"तुमची त्वचा तुम्हीच ओळखा, डॉक्टर कशाला?" अशा मथळ्याचा एक मेसेज फिरतोय. सहा मुद्दे आणि प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. तीनदा आला, तीनदा न वाचता पुसला. चौथ्यांदा मावशीकडून आला, खाली तिची पुस्ती: "मी करून बघितलं, गुण आला." मग मात्र वाचावाच लागला.

मुद्दा पहिला: "गोल चट्टा उठला की घरातली कुठलीही खाजेची ट्यूब लावा. खाज थांबली की बरं झालं." मावशीच्या कमरेवर गजकर्ण होतं. लालसर, जरा उंचावलेली कड, तिच्यावर बारीक कोंडा आणि मधली कातडी जवळजवळ साफ. कोणीही ओळखावं असं. ट्यूब होती स्टेरॉइडची. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशी मरत नाही. उलट तिला अडवणारी शरीराची प्रतिक्रियाच थंडावते. दोन दिवसांत आराम, ट्यूब थांबवली की चट्टा हजर, की पुन्हा ट्यूब. महिन्याभरात ते मांडीपर्यंत उतरलं आणि ओळखीची ती कडच पुसट झाली. शेवटी डॉक्टरांना कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागला. आता गोळ्या चालू आहेत. हा तो गुण!

मुद्दा दुसरा, "मुलांच्या गालावर पांढरट डाग म्हणजे जंत." नाही. बहुतेकदा तो कोरड्या त्वचेचा सौम्य प्रकार असतो, साध्या मॉइश्चरायझरवर हळूहळू जातो.

तिसरा, "नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो." नाही. कांजिण्यांचाच विषाणू एखाद्या मज्जातंतूत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि पुढे त्याच तंतूच्या पट्ट्यात उठतो, म्हणून नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहते. टोकं मोजत बसू नका, तास मोजा. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त उपयोग होतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता चौथा. "जो डाग खाजत नाही, दुखत नाही, त्याकडे लक्ष देऊ नका." हे लिहिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारावासा वाटतो. फिकट किंवा लालसर डाग आणि त्या जागी संवेदना नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली कुष्ठरोगाची मुख्य खूण आहे. डोळे मिटायला लावून डागावर कापूस फिरवला तरी माणसाला कळत नाही. दुखत नाही हेच तर तिथलं दुखणं! हा रोग इतका संथ की लागण झाल्यावर खुणा दिसायला सरासरी 5 वर्षं जातात, कधी 20 सुद्धा. 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधांनी तो पूर्ण बरा होतो आणि 1995 पासून जागतिक आरोग्य संघटना ही औषधं जगभर मोफत पुरवते. पण दुर्लक्षात मज्जातंतू गेले की वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

तिळाचंही तेच. आकार वेडावाकडा होत असेल, कड फाटल्यासारखी दिसत असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग असतील, तो 6 मिलिमीटरहून मोठा असेल, मुख्य म्हणजे बदलत असेल, तर दाखवा. न दुखणाराही.

पाचवा मुद्दा, "सावळ्या त्वचेला कर्करोग होत नाही." कमी होतो, होत नाही असं नाही. तळवे, तळपाय आणि नखाखाली तो लपतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये तो सापडला, 1981 मध्ये मार्ले वारला. वय 36.

सहावा मुद्दा नाइलाजाने अर्धा मान्य: "बरीच पुरळं आपोआप जातात." जातात. पित्ताच्या गांधी बहुधा दिवसभरात विरतात. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, नवं औषध सुरू केल्यावर तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली, किंवा तापात उठलेले ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडले नाहीत, तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, ती ट्यूब फेकलीस ना?" मी विचारलं.

"अगं, फेकायची कशाला? तुझ्या काकांनाही उठलंय, त्यांना दिली."