‘गोडगोड लँकेशायर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं ओल्डहॅम हे कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या ‘वेक्स’ आठवड्यावरचा, म्हणजे गिरण्यांच्या वार्षिक सुट्टीवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. एक, ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातल्या इंग्रज आजी-आजोबांच्या गोड आठवणी म्हणजे इतिहास नव्हे, गरिबीवर चढवलेला साखरेचा पाक आहे. दोन, आणि हा जास्त बोचरा, ज्या लँकेशायरने आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, तिथल्या बालपणावर मराठी माणसाने गहिवरून लिहावंच कशाला? तुम्ही अकोल्याकडचे, तुमचे पणजोबा खामगावच्या बाजारात कापसाची दलाली करायचे, हेही लिहिलंत. बरं केलंत. त्याकडे येतोच.

गोड आहे म्हणून खोटं, हे गणित मला पटत नाही. लेखातलं सगळ्यात गोड वाक्य कुठलं होतं, आठवा. आमच्या वाचनालयात गप्पांना येणारे एक आजोबा म्हणाले होते, “वेक्सला आम्हाला डोंगर दिसायचे.” म्हणताना चेहरा खुलला होता त्यांचा. तुम्ही ते वाक्य ‘पिक्चर पोस्टकार्ड’ म्हणून उडवून लावलंत. पण डोंगर काय वेक्सपुरते उगवायचे? पेनाइन्सचे डोंगर शहराच्या उशालाच आहेत. त्या आठवड्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद, बॉयलर थंड, धुराडी गप्प, म्हणून आकाश निवळायचं. वर्षाचे उरलेले एक्कावन्न आठवडे त्या पोराने काय श्वासात घेतलं, ते त्या आनंदाच्या वाक्यातच आहे. ते ऐकू यायला फक्त पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

वेक्सचंही तसंच. मुळात ही देवळाची, म्हणजे गावच्या चर्चची जत्रा. गिरण्या आल्यावर तिची गावोगाव वेगवेगळ्या आठवड्यात पडणारी सुट्टी झाली. बोल्टनची उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ओल्डहॅमची ऑगस्टच्या अखेरीला. गाव रिकामं व्हायचं आणि गाड्या भरभरून ब्लॅकपूलला जायचं. पण सुट्टी म्हणजे टाळेबंदीच होती, पगार नाही. भरपगारी रजेचा कायदा 1938 मध्ये आला. तोवर गिरणीतल्या ‘गोइंग-ऑफ क्लब’मध्ये दर आठवड्याला काही पेन्स टाकायचे आणि वेक्सच्या तोंडावर काढून घ्यायचे. आपल्याकडची भिशी डोळ्यांसमोर आणा. ब्लॅकपूलला खोली मिळायची. खाणं आपलं आपण आणायचं, घरमालकीण ते शिजवून द्यायची आणि मीठ-मिरपुडीच्या वापराचे पैसे बिलात वेगळे लावायची. हे सांगताना एक आजी इतक्या हसल्या की ठसका लागला. तो हिशेब त्यांच्या आईच्या डोक्यात आठवडाभर चालू असायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मुलांना समुद्र आठवतो, आईला बिल. दोन्ही खरं आहे.

आणि डिव्हीचा नंबर! त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, आणि माझ्या मते लेखात सगळ्यात मोलाचं तेच होतं. रॉचडेलच्या टोड लेनवर 1844 च्या डिसेंबरात काही विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून दुकान काढलं. माल मोजका, लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या. भेसळ नाही, वजनात मारणं नाही, आणि उधारी अजिबात नाही, कारण उधारीच्या वहीनेच कामगाराला बांधून टाकलेलं असायचं. वर्षाच्या नफ्यातला वाटा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. हा डिव्हिडंड, म्हणून ‘डिव्ही’. शंभर वर्षांनंतरही पोरांना दुकानात पाठवताना आई सभासद-क्रमांक पाठ करून घ्यायची, कारण तो सांगितला नाही तर वाटा बुडाला. आज या मंडळींना नातवंडांची नावं आठवायला वेळ लागतो, पण आईचा डिव्ही नंबर विचारा, तोंडातून फटकन येतो. त्यावर हिवाळ्याचे बूट यायचे. सहकारी चळवळीचे ग्रंथ वाचून मला हे कळलं नव्हतं, की ती शेवटी एका सात वर्षांच्या पोराच्या पाठांतरावर चालत होती.

आता, आठवणी कुठे घसरतात ते मलाही दिसतं. गहाणवटीच्या दुकानाचं घ्या. रविवारचा सूट सोमवारी सकाळी गहाण टाकायचा आणि शुक्रवारी पगार झाला की सोडवायचा, ही सर्रास रीत होती. पण मी ऐकलेल्या प्रत्येक आठवणीत सूट गहाण टाकणारं घर शेजारचं असतं. सांगणाऱ्याचं कधीच नाही! तसंच उघड्या दारांचं. कुलूप लावावं लागत नव्हतं, इतकी माणुसकी होती म्हणतात, आणि लगेच कुणीतरी पुस्ती जोडतं की चोरण्यासारखं होतं काय घरात. म्हणून मी पडताळून बघतो. बोल्टनमध्ये 1937-38 साली मास ऑब्झर्वेशन या समाज-निरीक्षण करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी शहराच्या रोजच्या जगण्याच्या नोंदी केल्या, हम्फ्री स्पेंडरने फोटो काढले. त्या फोटोंतल्या गल्ल्या आठवणींतल्यापेक्षा बऱ्याच ओल्या आणि रिकाम्या आहेत.

पण सगळंच सारवलेलं नसतं. “आमचे बाबा सोमवारी चिडके असायचे,” हे मी एकाहून अधिक जणांकडून ऐकलंय. त्यांचे वडील कार्डरूममध्ये, म्हणजे जिथे कापूस पिंजला जातो तिथे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूणच ही, की शनिवार-रविवार धुळीपासून सुटका झाली की सोमवारी परत पाऊल टाकताच छाती आवळते. मुलाला वाटलं स्वभाव. डॉक्टरांच्या पुस्तकात तो रोग आहे.

आता खामगाव. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि 1861 ते 1865 लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. लाखो लोक मदतीच्या रांगेत. ओल्डहॅमचं अलेक्झांड्रा पार्क, ज्याच्या तळ्यातल्या होड्यांबद्दल मी इतकं रंगून लिहिलं, ते याच बेकार कामगारांच्या हातून उभं राहिलं आणि 1865 मध्ये खुलं झालं. त्या काळात हिंदुस्थानातून जो कापूस जायचा त्याला तिथे सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो वऱ्हाडचा का असेना. आखूड धाग्याचा, कचरा फार, सूत सारखं तुटायचं. आणि मजुरी कामावर मोजलेली, त्यामुळे तुटलेला प्रत्येक धागा पगारातून जायचा. “देवा, कापूस पाठव, पण सुरत नको” अशी प्रार्थना झाल्याची दंतकथा तिकडे अजून सांगतात. इकडे त्याच कापसाच्या भावाने बाजार तापला, युद्ध संपताच 1865 मध्ये कोसळला, मुंबईत कित्येकांची दिवाळखोरी निघाली. पाचच वर्षांनी, 1870 मध्ये, जलंब-खामगाव हा छोटासा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तो काय खामगावकरांच्या प्रवासाची सोय बघायला आला होता? तुमच्या पणजोबांचा बाजार आणि आजोबांचे ते डोंगर एकाच गाठोड्याची दोन टोकं आहेत. हे मराठी माणसाने लिहायचं नाही तर कुणी?

दोन्ही टोकांचं दुःख सारखं होतं असं मी म्हणत नाही. हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी कर लादला, तो लँकेशायरच्या दबावाने, आणि 1925 च्या अखेरीपर्यंत रेटला. त्यात मालकांबरोबर कामगारांच्या संघटनाही होत्या. हा हिशेब मी सोडलेला नाही. पण कर लादला त्याच 1896 साली लँकेशायरमध्ये अकरा वर्षांचं पोर अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस यंत्राखाली काढत होतं. ही ‘हाफ-टाइम’ पद्धत मोडणारा कायदा 1918 साली झाला. त्या पोराला कराचं धोरण विचारायला कुणी गेलं नव्हतं. गांधीजी 1931 च्या सप्टेंबरात लँकेशायरमधल्याच डार्वेन या गिरणगावाला गेले, तो गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यातला फोटो तुम्ही पाहिला असेल. विदेशी कापडावरचा बहिष्कार त्यांनी सोडला नाही. आणि त्या बायकांना भेटायचंही टाळलं नाही.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून. गिरणगावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्हीच ‘डोळे पाणावले’ लिहिलं होतंत. भोंगा, चाळीतल्या खानावळी, गॅलरीतली गर्दी, सगळं तुम्हाला भिडलं. तिथली छाती भरणारी धूळ हीच होती, आणि कित्येक यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. लालबागची आठवण इतिहास आणि ओल्डहॅमची पाक, असं का बरं?

माझ्या लेखावर खरी टीका करायचीच असेल तर ती वेगळीकडून व्हायला हवी. या मंडळींच्या आठवणी साधारण 1960 ला थांबतात. त्याच सुमारास पाकव्याप्त काश्मीरमधलं मीरपूर, आजच्या बांगलादेशातलं सिल्हेट आणि गुजरात इथून माणसं आली आणि रात्रपाळी त्यांच्यावर सोपवली गेली. त्यांची मुलंही त्याच गल्ल्यांत वाढली, तीही आता साठीला आली आहेत. वाचनालयातल्या गप्पांना ती फारशी येत नाहीत. त्यामुळे पुढच्या लेखासाठी मी दुसरीकडे जातोय, मशिदीजवळच्या चहाच्या दुकानात. ओल्डहॅममधली सूतकताई संपली ती 1998 साली, त्यामुळे शेवटची पाळी पाहिलेले तिथेच भेटतील.

तोवर एक विनंती. पणजोबांच्या काळातल्या चोपड्या घरात असतील तर 1864-65 ची पानं बघाल का? भाव कोणत्या महिन्यात पडला आणि कुणाकुणाची नावं खोडली गेली, एवढं कळलं तरी मला पुरे.