घोडीच्या बाळंतपणाला पाहुणे

घोडी माणसासमोर व्यायला तयार नसते. अकरा महिने पोट सांभाळते, शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकावर मेणासारखे थेंब धरते, शेपटीपाशी सैल पडते, आणि कुणी बघतंय असं वाटलं की कळा थोपवून निवांत गवत खात बसते. हे ज्ञान मला वायोमिंगमध्ये, एप्रिलअखेरच्या बर्फात, जावयाच्या पैशांनी मिळालं.

लेक-जावई डेन्व्हरला असतात. नातीला घोड्याचं पिल्लू बघायचं होतं म्हणून जावईबापूंनी एक गेस्ट रँच शोधून काढली. रँच म्हणजे गुरांची नि घोड्यांची प्रचंड शेती. गेस्ट रँच म्हणजे तिथे पैसे भरून राहायचं आणि त्यांची कामं करायची. हंगाम वासरांचा आणि शिंगरांचा. "आई, तुम्हाला तर माहेरची आठवण येईल," जावईबापू कौतुकाने म्हणाले.

आलीच. साताऱ्याकडच्या आमच्या घरी म्हैस व्यायला झाली की रात्री गोठ्यात कोण झोपणार यावरून आम्हा भावंडांना एकदम पोटदुखी आणि अभ्यास सुचायचा. स्थळं येऊ लागली तेव्हा मुलाला नोकरी आहे का हे वडील बघत होते, गोठा नाही ना हे मी. आणि आता त्याच गोठ्यात रात्र काढायला डॉलर मोजलेले.

ही कल्पना म्हणे ईटन नावाच्या भावांची. १८८०च्या आसपास डाकोटात त्यांची रँच होती. पूर्वेकडच्या शहरांतून मित्र यायचे, राहायचे आणि हलायचेच नाहीत. शेवटी भावांनी पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे १९०४ मध्ये त्यांनी वायोमिंगात शेरिडनजवळ बस्तान हलवलं, आणि १९२६ मध्ये तर असल्या रँचवाल्यांची रीतसर संघटनाच झाली. मी मनोमन हात जोडले. मुक्कामाच्या पाहुण्याला बिल द्यायची हिंमत आम्हा पुणेकरांनाही झालेली नाही. आम्ही आपले 'जेवूनच आला असाल ना' इथपर्यंतच पोचलो.

गाई काळ्या अँगस. शिंगं नाहीत, वशिंड नाही, गळ्यात घंटा नाही. नमस्कार करावा तर कुठल्या बाजूने, हे पटकन कळेना. शेकड्यांनी गाई, पण चहात घालायला पांढरी पावडर. इथे गाय कुणी पिळतच नाही, ती मांसासाठी. दूध तालुक्याच्या दुकानातून प्लास्टिकच्या डब्यात येतं. मी मालकीणबाईंकडे चिकाची हळूच चौकशी केली. माझ्या पर्समध्ये वेलदोडे होते, जायफळही होतं. त्यांनी गंभीरपणे समजावलं की वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती अशी नसतेच, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर ती येते, दिवस उलटला की शोषली जात नाही. म्हणून आई मेलेल्या वासरांसाठी त्या फ्रीजरमध्ये चीक गोठवून ठेवतात. तो डबा मी बघितला. चार जणांच्या खरवसाला पुरला असता. झाकण लावलं.

पहिलारू गाई घराजवळच्या आवारात ठेवलेल्या आणि त्यांना दर दोन-तीन तासांनी बघून यायचं, रात्रीसुद्धा. गाईंना उशिरा संध्याकाळी चारा घातला की बऱ्याचशा दिवसा वितात, ही युक्ती कॅनडातल्या गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने लोकप्रिय केली, असं रँगलर, म्हणजे घोडे-गुरं राखणारा तिथला गडी, म्हणाला. तरी रात्री अडीचला खोलीवर टकटक झालीच. बाहेर पडलो तर नाकातलं पाणी गोठेल अशी थंडी. वासरू बाहेर आलं, वाफा निघत होत्या, गाय चाटत होती. रँगलरने बेंबीला आयोडीन लावलं आणि आईच्या नंबराचाच बिल्ला वासराच्या कानात ठोकला. तेवढ्यात आमच्या ह्यांनी जवळून फोटो काढायचं ठरवलं. गाईने मान खाली घातली. हे "हट्, हट्!" म्हणाले. अँगसला मराठी येत नाही. गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरलेला माणूस कुंपणावर चढला कसा, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

खरी परीक्षा घोडीची. तिच्या ठाणावर कॅमेरा होता आणि जेवणघरात मोठ्या पडद्यावर तिचं दिवसरात्र थेट प्रक्षेपण. आम्ही सगळे पाहुणे ताटं घेऊन घोडीची पाठमोरी बाजू बघत जेवायचो. तिने शेपूट हलवली की टेक्ससच्या जोडप्याचे काटे खाली. लीद टाकली की सगळे पुन्हा जेवायला लागायचे.

फळ्यावर मालकीणबाईंनी लिहून ठेवलं होतं: एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, तीन तासांत वार, म्हणजे पोटातलं पिल्लाभोवतीचं वेष्टन, पडली पाहिजे. नातीने ते पाठ केलं. ती मला विचारायची, "आजी, आई बाळाचा वाढदिवस कधी करणार?" तिला सांगितलं, इकडे रेसच्या घोड्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीला धरतात, जन्म कधीही होवो. आमच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस मास्तरांनी १ जून लिहून टाकला, तसंच. तिला पटलं नाही. आजोबांचा १ जूनच आहे, त्यांनाही कधी पटलेलं नाही.

रात्र रात्र जागलो. पाळ्या लावल्या. एका पहाटे सगळे कंटाळून पॅनकेक खायला गेले. हे मात्र ठाणाबाहेरच्या खुर्चीत, टोपी नाकावर ओढून, घोरत पडलेले. घोडीने त्यांना माणसात धरलं नाही. अर्ध्या तासात शिंगरू बाहेर.

आम्ही धावत आलो तेव्हा हे डोळे चोळत होते आणि समोर पेंढ्यात एक ओलं, तपकिरी शिंगरू पायांची मोजदाद करत होतं. पाय म्हणजे जवळजवळ आईएवढे लांब. खुरांना खाली पिवळट, मऊ, झालरीसारखं काहीतरी लटकत होतं. ते आईच्या पोटात खूर लागू नये म्हणून असतं आणि चालायला लागलं की झिजून जातं. शिंगरू उठलं, पडलं, तिरकं उठलं, आणि चुकून भिंतीलाच प्यायला लागलं. शेवटी आईने ढुशी देऊन योग्य जागी नेलं. वार पडल्यावर मालकीणबाईंनी ती पसरून, टोकं शाबूत आहेत ना, आत काही राहिलं नाही ना, हे बोटाने तपासलं. ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आता ही गावाकडच्यासारखी झाडाला बांधायला वड कुठे मिळणार?" क्षितिजापर्यंत गुडघाभर उंचीची झुडपं होती.

दुपारपर्यंत ह्यांच्या तोंडी घोडीला "शाबास, शाबास" म्हणून धीर दिल्याचा भाग आला. संध्याकाळी पाय ओढून बाहेर काढल्याचा. डेन्व्हरला परतल्यावर साताऱ्याला भावाला फोन लावला, तोवर शिंगरू आडवं होतं आणि ह्यांनी ते आतून वळवलं होतं. भावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आक्का," तो मला म्हणाला, "आमची म्हस दिवाळीत व्यायची हाय. दाजींना आठ दिस आधीच पाठव. गोठ्यात खाट टाकून ठेवतो."