किलोच्या भावात गिटार बसत नाही

बेळगावात धातूचं काय होत नाही? उद्यमबागेत ओतकाम होतं, हायड्रॉलिकचं सामान होतं, तिकडे हत्तरगीला तर विमानाचे सुटे भाग होतात. पण गिटारची मान अंगाला जिथं जोडतात, तिथली चार भोकांची प्लेट, साधारण ५१ बाय ६४ मिलिमीटरची, ती कुणी करून देईल तर शपथ. "किती नग?" "एकच." मग समोरचा माणूस चहा मागवतो आणि पावसावर बोलू लागतो. धातूचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यानं नगाचंही विचारलं नाही. "किती किलो?"

भाच्याच्या गिटारची प्लेट बेळगावच्या पावसानं खाल्लेली. मामा घरीच रिकामा. झालं.

पत्रा दीड मिलिमीटरचा, पितळेचा. गाडीचा जॅक अँगलच्या चौकटीत बसवून प्रेस केली. हिशेब मांडला तर पाच मिलिमीटरच्या एका भोकाला सहाशे किलोच्या आसपास जोर, आणि अख्खी प्लेट एका दणक्यात कापायची तर नऊ टन! चौकट परसात, परस भाड्याचं. तेव्हा भोकं प्रेसवर, बाकी कड हॅक्सॉ आणि कानस. पंच (भोक पाडणारा दांडा) आणि डाय (त्याखालचा साचा) यांच्यात पत्र्याच्या जाडीच्या पाच-दहा टक्के फट लागते. जास्त ठेवली की कडेला धारदार कोर निघते (बर म्हणतात तिला), कमी ठेवली की पंच रुतून बसतो आणि काढताना तोंडातून जे निघतं ते कानडीतच बरं वाटतं.

भाच्याला वर नावही हवं होतं. अक्षरपंचाचा नियम सोपा: घाव एकच. दुसरा मारला की अक्षराला सावली येते. ऐन दुपारी हा ठोका सुरू झाल्यावर शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावले, "एन माडाकत्तीरी?" सगळं ऐकून घेतलं आणि बाइकचा सायलेन्सरही चमकवून मागितला. तो क्रोमचा. क्रोमच्या पाण्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोग आणतो, ते घरी करायचं काम नव्हे, असं सांगितलं. काकांना ते निमित्त वाटलं. अजून नीट बोलत नाहीत.

आपलं काम निकेलचं, विजेनं मुलामा चढवायचं. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक अ‍ॅसिड, म्हणजे कॅरमची पावडर. पाणी पंचावन्न अंशांवर, हातात मोजे, आणि बादली स्वयंपाकघरापासून लांब. खरी मेहनत मात्र त्याच्या आधीची. निकेल काही झाकत नाही, प्रत्येक ओरखडा उजळून दाखवतं. म्हणून घास, बफ मार, धू. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब-थेंब झालं की कुठंतरी तेल राहिलंय.

"काय करालास रे?" आई आली. पितळ म्हटल्यावर तिला राहवेना. चिंच-मीठ घेऊन बसली आणि माझं महागडं रसायन जे करत नव्हतं ते पाच मिनिटांत करून दाखवलं. पुन्हा धुतलं, पाणी आरशासारखं पसरलं. मी तारा जोडायला वळलो तेवढ्यात तिनं "बघू" म्हणून प्लेट उचलली, उजेडात धरली आणि ठेवली.

बादलीतून निघाली ती लख्ख, आणि मधोमध आईचा अंगठा. रेघ न् रेघ. रेशनच्या मशीनवर या बाईचा अंगठा गेली काही वर्षं उठत नाही. पुसून, ओला करून, फुंकर मारून उठत नाही. निकेलमध्ये पहिल्या फटक्यात!

मी परत घासायला काढणार होतो, पण भाच्यानं ओढून घेतली आणि तशीच स्क्रूनं आवळली.

आता आईनं माळ्यावरची पितळेची पातेली खाली काढलीत. निकेल अन्नाला चालत नाही, विशेषतः आंबटाला, हे मी परोपरीनं सांगितलं.

"आमटी चालत नाही?"

"नाही."

"मग कल्हईवाल्यालाच बोलवते की. तो दुपारभरात सगळी करून सोडतो, आणि अंगठाबिंगठा काय मागत नाही."