त्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी रकाना नव्हता

मी नर्स. नाईट ड्यूटी संपत आली होती. केसपेपरवर इन्शुलिनचा डोस होता ४ युनिट. पण 'युनिट' असा पूर्ण शब्द नव्हता. आकड्याला चिकटून घाईत काढलेलं इंग्रजी 'यू' हे एकच अक्षर होतं आणि ते मला शून्यासारखं दिसलं. मी ४० युनिट दिले.

थोड्याच वेळात पेशंटला दरदरून घाम फुटला, ते असंबद्ध बोलू लागले. शुगर पाहिली, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाईन लावलं, डॉक्टर धावत आले. दुपारपर्यंत पेशंट सावरले. मी सावरले नाही.

इन्सिडेंट फॉर्म त्याच सकाळी भरला. औषध, वेळ, डोस, कोणाला कळवलं, सगळं विचारलं होतं. मेमो आला, खुलासा दिला. पण "तू बरी आहेस ना?" असं एकानेही विचारलं नाही. उलट मी ड्यूटी रूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. पुढचे कित्येक महिने मी प्रत्येक इंजेक्शन तीन-तीनदा तपासायची, घरी गेल्यावर वॉर्डमध्ये फोन करून "अमुक बेडचं सलाईन बंद केलं होतं ना मी?" म्हणून विचारायची. झोपेत तो घामेजलेला चेहरा दिसायचा.

या अवस्थेला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे दुसरा बळी, हा शब्द वापरला: पहिला बळी पेशंट, दुसरा ज्याच्या हातून चूक झाली तो. पेशंटच्या काही नातेवाइकांना तो खटकतो, आणि मला त्यांचं पटतं. ज्याचं माणूस गेलं त्याच्या दुःखाशेजारी माझं दुःख मांडायला मलाही संकोच वाटतो. शब्द बदला हवा तर, पण त्यामागची जखम खोटी नाही.

अमेरिकेतल्या नर्स-संशोधक सुझन स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या प्रवासाचे टप्पे मांडले. शेवटी वाट तीनपैकी एका दिशेला जाते: काम सोडणं, कसंबसं तग धरणं किंवा त्यातून शिकून उभं राहणं. मी बरीच वर्षं मधल्या वाटेवर होते. पहिल्या वाटेने गेलेल्या दोघी मला माहीत आहेत. दोघींचा हात माझ्यापेक्षा हलका होता, पेशंट त्यांचीच वाट बघायचे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका नर्सकडून चुकीचं औषध गेलं आणि पेशंट दगावली. तिने चूक स्वतः कबूल केली होती. २०२२ साली तिच्यावरचा फौजदारी गुन्हा सिद्ध झाला, ३ वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली. एक जीव गेला होता, तेव्हा चौकशी व्हायलाच हवी होती. पण ती बातमी वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कोण स्वतःहून सांगेल? लपवलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही, आणि तीच चूक उद्या दुसऱ्या वॉर्डात, दुसऱ्या पेशंटवर होते. माझी चूक उघड झाली म्हणून तरी आमच्याकडे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा नियम झाला. तो नियम मला मेमोपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

गेल्या महिन्यात एक ज्युनिअर माझ्यासमोर थरथरत उभी राहिली. "सिस्टर, माझ्याकडून चुकीच्या बेडला अँटिबायोटिक गेलं." आधी दोघींनी पेशंटला पाहिलं, डॉक्टरांना कळवलं. मग तिचे बाकीचे पेशंट मी दुसरीकडे सोपवले आणि तिला खुर्चीवर बसवलं. फॉर्म नंतर काढला. ती लिहीत होती तेवढा वेळ मी तिच्या शेजारी बसून होते.