चूल विझवा, निरोगी व्हा

निरोगी व्हायचे असेल तर आधी घरातील चूल विझवावी लागते. पुण्याहून सुटीवर आलेल्या पुतण्याने आपल्याला मोबाइलवर हे दाखवलेच असेल की अन्न शिजवले की मरते आणि मेलेले अन्न खाणाऱ्याला रोग सोडत नाहीत. आपल्या आजोबांनी आयुष्यभर ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण खाल्ले आणि म्हातारपणीही वखर हाकला, ही गोष्ट त्याच्यापुढे काढू नये. गॅसची अडचण तर आपोआपच सुटते. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घराघरांत आले आणि पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून कित्येक घरांत कोपऱ्यात उभे राहिले. यापुढे कोणी विचारले तर पैशांचे रडगाणे न गाता ‘आम्ही कच्च्या आहारावर आहोत’ असे सांगावे, प्रतिष्ठा वाढते.

या मार्गाला परंपराही भारदस्त आहे. झुरिचचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी 1900 च्या सुमारास रुग्णांना किसलेले कच्चे सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा देणे सुरू केले, आणि त्यातूनच आजची म्यूस्ली आली. आपण तालुक्याच्या बाजारात सफरचंदाचा भाव विचारावा आणि बोरे घेऊन परत यावे. बोरे, पेरू, काकडी, ओल्या हरभऱ्याचे घाटे, कांद्याची पात हे सगळे आपल्याकडचे शेतमजूर धुऱ्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या कच्चेच खात आले आहेत, परंतु त्यांनी त्याला आहारपद्धती म्हटले नाही आणि त्यावर शिबिरे भरवली नाहीत, म्हणून त्यांना गुण आला नसावा. पेरूतील क जीवनसत्त्व शिजवल्याने कमी होते, हे मात्र खरे आहे. असे एक खरे वाक्य कायम जवळ बाळगावे. त्याच्या आडोशाने बाकीची दहा खपतात.

या शास्त्राचा कणा म्हणजे तापमान. साधारण 48 अंश सेल्सिअसच्या वर अन्न तापले की त्यातील एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, नष्ट होतात आणि अन्न निष्प्राण होते, असे त्याचे जाणकार सांगतात. काही कडवे साधक तर त्याच्याही बरेच अलीकडे थांबतात. खाल्लेले बहुतेक एन्झाइम जठरातील आम्लात तसेही मोडतात आणि पचनासाठी शरीर स्वतःची पाचकद्रव्ये तयार करते, असे जो म्हणेल त्याला पाखंडी समजावे. आपली खरी अडचण निराळीच आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा सावलीतच 46-47 अंशांवर जातो. मग नवतप्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या हातगाडीवरचे टमाटर कोणत्या अवस्थेत असतील, याचा विचार करावा. शास्त्राप्रमाणे ते गाडीवरच दिवंगत झालेले असतात. तेव्हा त्या दिवसांत थर्मामीटर घेऊन पहाटे वाडीत जावे आणि सूर्य उगवायच्या आत भाजी झाडावरून तोडून तिथेच उभ्याने खावी. टिनाच्या छपरावर वाळत घातलेले सरगुंडे आणि मुगवड्या यांना हातही लावू नये. शिजवलेल्या टमाटरातून शरीराला लायकोपीन हे टमाटराला लाल रंग देणारे उपयुक्त द्रव्य अधिक मिळते, हे मात्र थर्मामीटरला कळू देऊ नये.

आता मुख्य भोजन. पावसाळ्यात परसात धोपा, म्हणजे अळू, माजतो. आपली आई त्याचे पान उलटे पसरून जाड शिरा सुरीने तासते, चिंचेचा कोळ घातलेले बेसन बोटांनी कडेपर्यंत चोपडते, गुंडाळी करून वाफवते आणि मग वड्या कापते. हा सगळा खटाटोप कशाला? पान तसेच तोंडात घालावे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेत आणि घशात रुततात, तेव्हा निसर्गाचा प्रत्यक्ष स्पर्श अनुभवता येतो. बोलणे बंद झाल्याने मौनाचाही लाभ होतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या वाचकांना तर लाखोळी, म्हणजे लाख डाळ, आहेच. धानाच्या बांधीत ओल असतानाच ती फेकून पेरतात. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्या गरिबांचे पाय लुळे पडत, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली आणि महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. जाणत्या बाया ती भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून देतात, कारण त्यातील विषारी घटकाचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. या पाणी फेकण्यालाच आपल्या नव्या शास्त्रात सत्त्वनाश म्हणतात. सोयाबीनचे तर विचारूच नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते उष्णतेने निकामी होतात. म्हणजे भाव पडलेले सोयाबीन घरात कच्चेच खाल्ले, तर ते बाजारात जसे अंगी लागत नाही तसेच पोटातही लागणार नाही. दूधही धारोष्ण प्यावे. ब्रुसेलोसिस हा आजार गोठ्यातून घरात येतो तो याच वाटेने.

घरातील स्त्रियांनी मात्र हे व्रत अधिक निष्ठेने पाळावे, असा आग्रह धरला जाईल. व्रतांचे नेहमी तसेच असते. दीर्घकाळ कच्चे खाणाऱ्यांची जर्मनीत एक पाहणी झाली आणि ती 1999 साली प्रसिद्ध झाली. तीत 45 वर्षांखालील सुमारे 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी असते, त्यामुळे तिला या शुद्धीचा अनुभव लवकर येईल.

पोट बिघडलेच तर ग्रामीण रुग्णालयात जावे. तिथे मऊ भात आणि वरणाचे पाणी घ्यायला सांगतील. मान डोलवावी, घरी यावे आणि शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जावे. ‘काहून जी, तुमच्या घरी चूल नाई पेटली का?’ असे त्या विचारतील. तेव्हा आहारशास्त्र समजावत बसू नये, वाटी पुढे करावी.

हिवाळ्यात पुतणा मित्रांना घेऊन हुरडा खायला येईल. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे खरपूस भाजावी, हातावर चोळून गरम दाणे त्यांच्या पुढ्यात टाकावे, सोबत लसणाची चटणी द्यावी आणि ते ‘रॉ’ आहेत असे ठामपणे सांगावे. फोटो काढताना तेवढी आगटी चौकटीच्या बाहेर ठेवावी.